गच्चीवरचा कॅमेरा आणि उजळलेली रात्र

डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिले, तर मृग नक्षत्र चांगले वर आलेले असते. हरणाचे चार पाय, त्याच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे आणि तो बाण मारणारा व्याध, एवढे मुंबई-पुण्याच्या आकाशातही सहज ओळखू येते. त्यापलीकडे फारसे काही दिसत नाही. करड्या-नारिंगी आकाशात आठ-दहा तारे, आणि संपले. पण त्याच गच्चीवर साधा कॅमेरा तिपाईवर बसवून मृगाकडे रोखला आणि पाच-सहा सेकंद शटर उघडे ठेवले, की पडद्यावर डझनावारी तारे उमटतात. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक फिकट गुलाबीसर डागही दिसतो. तो मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ. सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर असलेला हा वायू आणि धुळीचा ढग आजही नवे तारे जन्माला घालतो आहे.

हा फोटो काढायला दुर्बीण लागत नाही आणि गाडी काढून डोंगरावरही जावे लागत नाही. थोडा संयम आणि प्रकाश कसा साठवायचा याची समज पुरते. या छंदात पडलेल्या माणसाला काही महिन्यांतच आणखी एक गोष्ट कळू लागते. कॅमेरा ताऱ्यांचा प्रकाश साठवतो, तसाच शहराचाही साठवतो. त्यामुळे घरून काढलेला आकाशाचा प्रत्येक फोटो आपल्या डोक्यावरची रात्र किती उजळली आहे, याचीही नोंद असतो.

डोळ्याला न जमणारी गोष्ट

माणसाचा डोळा अंधारात फार चांगले काम करतो, पण त्याला प्रकाश साठवता येत नाही. साधारण एक दशांश सेकंदात जेवढा प्रकाश दृष्टिपटलावर पडतो, तेवढ्यावर तो चित्र तयार करतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. कितीही वेळ टक लावून पाहिले, तरी अंधूक तारा अधिक ठळक होत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र शटर उघडे असेपर्यंत येणारा प्रत्येक प्रकाशकण जमा करत राहतो.

दुसरा फरक आकाराचा आहे. पूर्ण अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी ती कमी उघडते. ५० मिलिमीटरच्या एफ/१.८ लेन्सचे तोंड सुमारे २८ मिलिमीटर रुंद असते. रुंदी चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळा पट. त्यात शटर पाच सेकंद उघडे, म्हणजे डोळ्याच्या पन्नास पट वेळ. ढोबळ हिशेबाने ही लेन्स एका फोटोत डोळ्यापेक्षा ८०० पट प्रकाश गोळा करते. गच्चीवर न दिसलेला तेजोमेघ फोटोत दिसतो, तो या गुणाकारामुळे.

ही ताकद लक्षात यायला छायाचित्रणाच्या शोधानंतर काही दशके जावी लागली. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा पहिला फोटो १७ जुलै १८५० रोजी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत विल्यम बाँड आणि जॉन व्हिपल यांनी घेतला. तारा होता अभिजित, आणि त्यासाठी १०० सेकंद लागले. मृगातील तेजोमेघाचा पहिला फोटो ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी काढला. ड्रेपर शिक्षणाने डॉक्टर. न्यूयॉर्कजवळ आपल्या कुटुंबाच्या मालकीच्या जागेत त्यांनी वेधशाळा बांधली होती. शटर ५१ मिनिटे उघडे होते. तीन वर्षांनी लंडनच्या ईलिंग उपनगरात अँड्र्यू कॉमन या इंजिनिअरने घराच्या बागेत उभारलेल्या ३६ इंची दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचा फोटो घेतला. दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे त्यात उमटले होते. डोळ्यापलीकडचे आकाश कॅमेरा दाखवू शकतो, हे अशा घरगुती वेधशाळांमधून सिद्ध होत गेले. आज दुकानात मिळणारा सर्वांत साधा डिजिटल कॅमेरा त्या काळच्या काचेच्या प्लेटांपेक्षा कितीतरी पट संवेदनशील आहे.

साहित्य मोजकेच

सुरुवातीला तीन वस्तू पुरतात. शटरचा वेळ हाताने ठरवता येईल असा कॅमेरा, तो स्थिर धरणारी तिपाई आणि आकाशाचा नकाशा. घरात पडून असलेला, आठ-दहा वर्षे जुना डीएसएलआर आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स यावर उत्तम काम होते. पुढे खर्च करायचाच असेल, तर कॅमेरा बदलण्यापेक्षा ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्यावी. ती या प्रकारच्या लेन्समध्ये सर्वांत स्वस्तांपैकी असते. नकाशासाठी स्टेलेरियम हे मोफत ॲप चांगले. कोणता तारा किती वाजता कुठे असेल, हे त्यात आधीच पाहून ठेवता येते.

मोबाइलवरही सुरुवात करता येते. आजच्या अनेक फोनमधील रात्रीचा मोड एकामागून एक अनेक फोटो घेतो आणि ते जुळवून एक चित्र तयार करतो. मात्र फोनच्या लेन्सचे तोंड तीन-चार मिलिमीटरचेच असते. त्यामुळे नक्षत्रांचे आकार, चंद्राजवळ आलेले ग्रह, संधिप्रकाशातला शुक्र असे विषय फोनला जमतात; अंधूक तेजोमेघ जड जातात. फोन हातात धरून उपयोग नाही. तिपाईचा छोटा स्टँड नसेल, तर डाळीच्या किंवा तांदळाच्या पिशवीत फोन टेकवून ठेवला तरी चालतो.

पहिला फोटो

गच्चीवर जागा निवडताना रस्त्यावरचे दिवे थेट लेन्समध्ये येणार नाहीत, एवढे पाहावे. पाण्याच्या टाकीचा किंवा जिन्याच्या खोलीचा आडोसा यासाठी फार उपयोगी. कॅमेरा कठड्यावर ठेवू नये आणि अंधारात कठड्याजवळ मागे सरकत फोटो काढू नयेत. गच्ची नसेल तर बाल्कनी चालते, पण खिडकीच्या काचेआडून फोटो काढू नये. घरातल्या दिव्याचे प्रतिबिंब तारे झाकून टाकते.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवून लेन्स पूर्ण उघडावी, म्हणजे एफ-क्रमांक सर्वांत लहान ठेवावा. शहरात आयएसओ ८०० ते १६०० पुरतो. फोटो ‘रॉ’ स्वरूपात साठवावेत, कारण जेपेगमध्ये कॅमेरा बरीच माहिती टाकून देतो. फ्लॅश बंद. कॅमेरा तिपाईवर असल्याने लेन्समधली हादरे रोखणारी सोयही बंद. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

नवख्यांचे सर्वाधिक फोटो फोकसमुळे बिघडतात. अंधारात ऑटोफोकसला पकडायला काही सापडत नाही. त्यामुळे तो बंद करून व्याध किंवा गुरूसारखा तेजस्वी बिंदू मागच्या पडद्यावर दहा पट मोठा करून पाहावा आणि लेन्सचे कडे सावकाश फिरवत तो बिंदू लहानात लहान करावा. तिथून पुढे कड्याला हात लावायचा नाही. काही जण चिकटपट्टीचा तुकडाच लावून टाकतात.

शटर किती वेळ उघडे ठेवायचे, हे पृथ्वी ठरवते. ती तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दर चार मिनिटांना एक अंश. शटर जास्त वेळ उघडे राहिले, तर ताऱ्यांच्या बिंदूंच्या रेघा होतात. यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. ५०० या आकड्याला लेन्सच्या नाभीय अंतराने भागायचे. साध्या डीएसएलआरचा सेन्सर लहान असतो, म्हणून त्या अंतराला आधी दीडने गुणायचे. १८ मिलिमीटरला २७ धरून उत्तर येते १८ सेकंद. ५० मिलिमीटरला ७५ धरून सहा-सात सेकंद. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत एवढ्यातही तारे किंचित लांबट दिसतात; तसे झाले तर ५०० ऐवजी ३०० घ्यावेत.

पहिल्याच फोटोत ताऱ्यांचे रंग चकित करतात. मृगातला काक्षी तांबूस, तर त्याच्या कर्णासमोरचा राजन्य निळसर पांढरा. मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत. म्हणून बहुतेक तारे आपल्याला पांढरेच वाटतात. कॅमेऱ्याला ती अडचण नाही. काक्षीचा पृष्ठभाग सूर्यापेक्षा थंड आहे आणि राजन्यचा कितीतरी तप्त, हे या रंगांतूनच वाचता येते.

शहराचा उजेड वजा करताना

शहरातून काढलेला पहिला फोटो पाहिला की तारे पुष्कळ दिसतात, पण आकाश मात्र मळकट पिवळे किंवा राखाडी. रस्त्यावरचे दिवे, जाहिरातींचे फलक, इमारतींच्या आवारातले फ्लडलाइट यांचा प्रकाश हवेतील धूलिकणांवर आणि रेणूंवर आपटून विखुरतो आणि वरून परत खाली येतो. हाच प्रकाशाचा पडदा डोळ्यांपासून तारे झाकतो.

संगणकावर हा पडदा वजा करता येईल, असे कुणालाही वाटेल. आकाशाचा सरासरी उजेड वजा करता येतोही. वजा करता येत नाही तो त्यातला दाणेदारपणा, ज्याला छायाचित्रकार नॉइज म्हणतात. प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांसारखे कधी चार जास्त, कधी चार कमी पडतात. सेन्सरच्या एका बिंदूवर आकाशाचे सरासरी १० हजार कण पडत असतील, तर हा चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० कणांचा असतो. तेजोमेघाच्या अंधूक कडेकडून त्याच बिंदूवर ५० कण आले, तर ते १००च्या चढउतारात हरवून जातात.

आता तसेच १०० फोटो काढून एकमेकांवर रचले, तर काय होते? आकाशाचे कण होतात १० लाख आणि त्यांचा चढउतार १०००. तेजोमेघाचे कण मात्र थेट शंभर पट, म्हणजे ५०००. जो डाग एका फोटोत चढउताराच्या निम्मा होता, तो आता त्याच्या पाचपट झाला. शहरातून खगोल छायाचित्रण शक्य होते, ते या गणितावर. डीपस्कायस्टॅकर, सिक्वेटर, सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर फोटोंमधले तारे ओळखतात, पृथ्वीच्या फिरण्याने सरकलेले फोटो जुळवतात आणि त्यांची बेरीज करतात. एखाद्या फोटोतून विमान किंवा उपग्रह गेला असेल, तर ती रेघही बरीचशी वगळली जाते. सहा सेकंदांचा एक असे १०० फोटो म्हणजे अवघ्या दहा मिनिटांचा प्रकाश. एवढ्यात मृगातील तेजोमेघाचे पंख उलगडतात.

या गणिताला दुसरी बाजू आहे. आकाश दुप्पट उजळले, तर तेवढाच स्पष्ट फोटो मिळवायला दुप्पट फोटो लागतात. चौपट उजळले तर चौपट. गावातल्या अंगणात दहा मिनिटांत होणारे काम शहरात दोन-दोन तास चालते, ते यामुळेच. शहरातला प्रत्येक जास्तीचा दिवा कॅमेऱ्याकडून वेळेच्या रूपाने वसुली करतो.

महाराष्ट्रातले आकाशाचे वर्ष

पावसाळ्याचे चार महिने महाराष्ट्रात आणि गोव्यात हा छंद जवळजवळ बंद असतो. त्या काळात मोठी काळजी बुरशीची. दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचांवर ती जाळ्यासारखी पसरते आणि सहज निघत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवणे आणि अधूनमधून त्या पुड्या वाळवणे, हा स्वस्त उपाय आहे.

परतीचा पाऊस पडून गेल्यावर हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळनंतर देवयानी दीर्घिका उत्तरेकडे उंचावर येते. तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे. नुसत्या डोळ्यांना दिसू शकणाऱ्या सर्वांत दूरच्या गोष्टींत तिची गणना होते, पण शहरातून ती डोळ्यांना दिसत नाही. ५० मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेले शे-दीडशे फोटो रचले, की लांबट ढगासारखी उमटते. दिवाळीतले फटाके आणि धूर यांचे दिवस मात्र सोडून द्यावेत.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा सुगीचा काळ. कृत्तिकांचा झुबका, रोहिणीचा तांबूस तारा, मृग आणि व्याध एकाच वेळी आकाशात असतात. १४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव रात्री नऊ-दहापासूनच पाहता येतो. त्यासाठी रुंद लेन्स लावून ओळीने फोटो घेत राहायचे आणि नशिबावर हवाला ठेवायचा. या दिवसांत पहाटेकडे दव पडते आणि लेन्स धूसर होते. केस वाळवायचे यंत्र लांबून काही सेकंद फिरवले की ती पुन्हा स्वच्छ होते.

दक्षिणेकडे असण्याचा आपल्याला एक फायदा आहे. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो. तो बहुतेकदा शेजारच्या इमारतीआड जातो. त्याबदल्यात दक्षिणेचे आकाश उघडे मिळते. कॉमन यांच्या लंडनमधून कधीच न दिसणारा अगस्ती आपल्याकडे हिवाळाभर दिसतो. एप्रिल-मेमध्ये नरतुरंग तारकासमूहातला ‘ओमेगा सेंटॉरी’ हा लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ दक्षिणेला येतो. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा हा गुच्छ साध्या लेन्समध्ये कापसाच्या बोंडासारखा दिसतो.

चंद्रासाठी अंधाराची गरज नाही. तो उन्हात तापलेला दगड आहे, त्यामुळे फोटोही दिवसाच्या हिशेबाने काढायचा. एफ/११, आयएसओ १०० आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग, हा जुना ठोकताळा आजही चालतो. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपासचा चंद्र चांगला, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. मात्र ५५ मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर चंद्राची प्रतिमा अवघी अर्धा मिलिमीटर उमटते. विवरे पाहायची तर २०० मिलिमीटरहून मोठी लेन्स हवी. तशी लेन्स असेल, तर गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्रही एका ओळीत टिपता येतात. एक पथ्य कायम पाळायचे. योग्य फिल्टरशिवाय कोणतीही लेन्स सूर्याकडे वळवायची नाही.

फोटो हेच मोजमाप

या छंदाचा एक उपयोग फारसा बोलला जात नाही. दरवर्षी त्याच महिन्यात, अमावस्येच्या आसपास, त्याच गच्चीवरून, त्याच कॅमेऱ्याने आणि लेन्सने, तोच आयएसओ आणि शटरचा तोच वेळ ठेवून डोक्यावरच्या आकाशाचा एक फोटो घेतला, तर तो मोजमाप बनतो. रॉ फोटोमधला पार्श्वभूमीचा उजेड आकड्यात वाचता येतो. पाच वर्षांचे असे पाच फोटो शेजारी ठेवले, की आपल्या वस्तीवरची रात्र कुठल्या दिशेने चालली आहे, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

अशा नोंदींची गरज खरोखरच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाशप्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक मानवजातीला आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आणखी एक अभ्यास आला. ‘ग्लोब ॲट नाइट’ उपक्रमात सामान्य नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५० हजारांहून अधिक नोंदी त्यात तपासल्या होत्या. त्यातल्या बहुतांश युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. निष्कर्ष असा, की आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढला. हा वेग चक्रवाढीने धरला, तर आठ वर्षांच्या आत आकाश दुप्पट उजळते. कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर आज एका तासात मिळणारा फोटो आठ वर्षांनी दोन तास मागेल.

उपग्रहांवरून मोजलेली वाढ यापेक्षा बरीच कमी दिसते. याचे एक कारण असे, की प्रकाश मोजणारा प्रमुख उपग्रह-संवेदक निळा प्रकाश टिपत नाही आणि पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळा भाग भरपूर असतो. शिवाय आडवा जाणारा प्रकाश वरून नीट दिसत नाही, जमिनीवरून दिसतो. गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाची नोंद म्हणूनच मोलाची ठरते.

अंधार, झोप आणि दिवे

हा प्रश्न तारे पाहणाऱ्यांपुरता राहत नाही. डोळ्यात चित्र पाहण्यासाठी नव्हे, तर दिवस की रात्र हे ओळखण्यासाठी वेगळ्या पेशी असतात. त्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या जैविक घड्याळाला वेळ कळवतात. रात्री उजेड मिळत राहिला, तर झोपेची चाहूल देणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे लांबते. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, ते उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. घरातले दिवे आणि मोबाइलचे पडदे हा त्यातला मोठा भाग आहेच. पण शयनगृहाच्या खिडकीतून रात्रभर येणारा आवारातला फ्लडलाइटही त्याच पेशींवर पडतो.

माणसाला पडदा ओढता येतो. इतर जिवांना ती सोय नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यांतून बाहेर पडलेली ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले उजळ क्षितिजाकडे चालत समुद्र गाठतात. किनाऱ्यामागे दिवे लागले, की ती उलट दिशेला भरकटतात.

यावरचे उपाय अवघड नाहीत. दिव्याला वरून झाकण घालून प्रकाश फक्त जमिनीवर पाडणे, आवारात शुभ्र पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे लावणे, गरज संपल्यावर टायमरने किंवा हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरने ते बंद करणे. यात सुरक्षितता कमी होत नाही, उलट डोळ्यावर येणारी तिरीप कमी झाल्याने आवार अधिक स्पष्ट दिसते. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. परिसरातल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलणे हा त्या तयारीचा भाग होता.

सोसायटीच्या सभेत ताऱ्यांविषयी बोलून दिवे बदलत नाहीत. दोन फोटो मात्र उपयोगी पडतात. एक गच्चीवरचा फ्लडलाइट चालू असताना काढलेला, दुसरा पाच मिनिटांनी तो बंद करून, बाकी सर्व तसेच ठेवून. दुसऱ्या फोटोत जास्तीचे किती तारे आले, ते कुणालाही मोजता येते. खाली विजेच्या बिलाचा आकडा जोडला, तर बोलणे आणखी सोपे होते. मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश तेराशे वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत येतो आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये शहराच्या उजेडात बुडतो. तेराशे वर्षांच्या वाटेवर आपल्या हातात काही नाही. शेवटच्या टप्प्यातला एखादा दिवा खाली वळवणे मात्र हातातले आहे, आणि त्याने काय फरक पडला ते पुढच्या अमावस्येला त्याच तिपाईवरून तपासताही येते.